सरत्या वर्षाची तेरीज कशी जुळवायची

डिसेंबर लागला की भाजीवाल्या मावशींपासून शेजारच्या काकूंपर्यंत सगळे एकच विचारतात, "काय मग, कसं गेलं वर्ष?" यंदा पहिल्याच आठवड्यात मी तिघींना तेच उत्तर दिलं. "वाईट गेलं. आई पडली, आणि ऐन गरजेला सख्ख्या बहिणीनं पाठ फिरवली." बोलताना जरासुद्धा अडखळले नाही, इतकी माझी खात्री होती. मग २१ डिसेंबर २०२५ च्या रविवारी वर्षाचा हिशेब मांडायला बसले आणि त्या उत्तरातला अर्धा भाग चुकीचा निघाला.

मिरजेतल्या एका पतसंस्थेत मी १९९८ पासून नोकरी करते. आधी क्लार्क होते, मग कॅशियर, आता अकाउंटंट. कॉम्प्युटर यायच्या आधी आम्ही कीर्द हातानं लिहायचो, त्यावरून खतावणी करायचो आणि महिनाअखेरीला तेरीज जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. कीर्द म्हणजे रोजच्या व्यवहारांची नोंद, जे घडलं ते त्याच क्रमानं. खतावणी म्हणजे त्याच नोंदी ज्याच्या त्याच्या खात्यावर नेऊन टाकणं. आणि तेरीज म्हणजे सगळ्या खात्यांच्या जमा (क्रेडिट) आणि नावे (डेबिट) बाजू एका कागदावर मांडून दोन्हीकडची बेरीज सारखी येते का ते बघणं. तेरीज जुळली की मगच नफा-तोटा आणि ताळेबंद. हा क्रम कुणी उलटा केला तर आमचे जुने मॅनेजर रजिस्टर बंद करून बाजूला ठेवायचे आणि "पहिल्यापासून करा" म्हणायचे.

घरी मात्र आपण नेमकं उलटं करतो. आधी नफा-तोटा ठरवून टाकतो, वर्ष चांगलं की वाईट, आणि मग त्याला साजेशा नोंदी आठवत बसतो. २०१२ पासून मी घरच्या वर्षालाही कीर्द, खतावणी, तेरीज याच क्रमानं घेते. कसं ते सांगते.

कधी बसायचं

३१ डिसेंबरच्या रात्री बसू नका. घरात पावभाजी चाललेली असते, टीव्ही मोठ्यानं लागलेला असतो, आणि तारखेचंच एक दडपण असतं. शेवटून दुसरा आणि शेवटचा असे दोन रविवार धरा. दुपारची जेवणं उरकल्यावर दोन-दोन तास. पहिल्या रविवारी फक्त कीर्द आणि खतावणी. मग मध्ये आठवडा जाऊ द्या. तेरीज आणि पुढच्या वर्षाचे बेत दुसऱ्या रविवारी. मधला आठवडा टाळू नका. पहिल्या दिवशी जे हाती लागतं ते पचायला तेवढे दिवस लागतात, मला तरी लागले.

आधी पावत्या

आमच्याकडे पावतीशिवाय नोंद होत नाही. आठवणीवर तर नाहीच नाही. आठवण खोटं बोलते असं मी म्हणत नाही, पण ती सगळ्या दिवसांना सारखी जागा देत नाही. मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. लोकांना एक हात १४ अंशांच्या थंड पाण्यात एक मिनिट धरायला लावला. दुसऱ्या हाताला तेच एक मिनिट आणि वर आणखी अर्धा मिनिट, फक्त त्या अर्ध्या मिनिटात पाणी अंशभर कमी गार केलेलं. यातलं पुन्हा काय करायला आवडेल असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळ चाललेला त्रास निवडला, कारण त्याचा शेवट सौम्य होता. आपल्याला टोकाचा क्षण आठवतो आणि शेवट आठवतो, मधली लांबी गळून जाते. वर्षाचंही तेच होतं. जूनमधली एक रात्र आणि डिसेंबरचा पहिला आठवडा, एवढ्यावर आपण बारा महिन्यांचा निकाल लावतो.

म्हणून पावत्या गोळा करा. सगळ्यात मोठी पावती म्हणजे भिंतीवरचं कॅलेंडर. आमच्या घरी कालनिर्णय असतं, १९७३ पासून निघतंय, बहुतेक मराठी घरांत असतंच. त्याच्या चौकोनांत आपण वर्षभर काय काय लिहून ठेवतो याची आपल्यालाच कल्पना नसते. दुधाचे खाडे, गॅसची टाकी लावल्याची तारीख, कामवाल्या ताईंच्या सुट्ट्या, भिशीचा हप्ता, कुणाचं बारसं, कुणाचं दहाव्याचं. त्याशिवाय बँकेचं पासबुक भरून आणा. फोनपे किंवा गुगलपेवर वर्षभराचे व्यवहार दिसतात, ते खालून वर वाचत या. फोनची गॅलरी महिन्याप्रमाणे लावा. लाइट बिलं, दवाखान्याची फाइल, औषधांच्या पावत्या, शाळेच्या फीची पावती, जे असेल ते जेवणाच्या टेबलावर मांडा. डायरी लिहीत असाल तर ती सगळ्यात शेवटी उघडा. डायरीत आपण रागावलेल्या दिवशी जास्त लिहितो.

गॅसच्या टाकीकडे नीट बघा, ती फार बोलते. आमच्याकडे टाकी साधारण ४० दिवस जाते. यंदा जून ते ऑक्टोबर ती २६-२७ दिवसांत संपत होती. आईला अंघोळीला गरम पाणी, दोन वेळा पेज, भेटायला येणाऱ्यांचा चहा. त्या पाच महिन्यांत मी किती केलं हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि मीही मोजलं नव्हतं. टाकीच्या तारखांनी सांगितलं.

कीर्द: विशेषणं गाळून लिहा

एका महिन्याला एक पान. पाठकोऱ्या कागदांची बारा पानं घेतली तरी चालतात. प्रत्येक पानावर त्या महिन्यात काय झालं ते तारखेसह लिहायचं आणि फक्त झालेलंच लिहायचं. "फेब्रुवारी फार ताणाचा गेला" ही नोंद नव्हे. "१७ फेब्रुवारी, सोमवार. कॅशमध्ये ४,५०० रुपये कमी. रात्री पावणेनऊला चूक सापडली" ही नोंद. ताण होता की नाही ते नंतर ठरेल, आणि बऱ्याचदा असं दिसतं की ताण एका संध्याकाळचा होता, आपण तो महिन्याच्या नावावर टाकला होता.

माझी यंदाची कीर्द थोडक्यात देते, म्हणजे अंदाज येईल. १ जानेवारीच्या चौकोनात सात संकल्प बारीक अक्षरात. १९ जानेवारीपर्यंत चालायला गेल्याच्या खुणा, पुढे कोरे चौकोन. ३१ मार्च, संस्थेची वर्षअखेर, घरी यायला रात्रीचे अकरा. १३ मे, मुलाचा दहावीचा निकाल, ८१.४० टक्के. यंदा अकरावीचे प्रवेश पहिल्यांदाच राज्यभर ऑनलाइन, त्यामुळे पुढचे कितीतरी चौकोन "लॉगिन", "यादी", "कॉलेज" या शब्दांनी भरलेले. मेच्या शेवटच्या आठवड्यात पाऊस, गच्चीवरच्या कुरडया अर्ध्या भिजल्या. १० जूनला वटपौर्णिमा. ११ जूनला आई गावी अंगणात घसरून पडली, खुब्याचं हाड मोडलं. १३ जूनला मिरजेत ऑपरेशन. मग आई माझ्याकडे, भाऊबीज होईपर्यंत.

जुलैचं पान मी बराच वेळ हातात धरून बसले होते. कागद खालच्या बाजूला हळदीनं पिवळा झालाय, कारण आईच्या हळद-दुधाचं भांडं मी त्याच्याखालच्या फळीवर ठेवायची. प्रत्येक चौकोनात "दू. २", म्हणजे नेहमीच्या दीड लिटरऐवजी दोन लिटर. ६ जुलैच्या, आषाढी एकादशीच्या चौकोनात पेन्सिलनं दोनच शब्द: "आई दार." त्या दिवशी ती वॉकर घेऊन पलंगापासून दारापर्यंत आली होती. चौकटीला धरून उभी राहिली, बाहेरून माउलींची दिंडी जावी तशी रस्त्याकडे बघत राहिली आणि म्हणाली, "पोचले गं." रस्त्यावर फक्त एक रिक्षा उभी होती. मी हे विसरले होते. जूनची रात्र लख्ख आठवत होती, दवाखान्याच्या बाकावरची, आणि ६ जुलैची सकाळ पुसून गेली होती. तुमच्याही कॅलेंडरात असे दोन-दोन शब्दांचे चौकोन असतील. त्यांच्यावर थांबा, घाई करू नका.

गॅलरीतून आलेली एक नोंद: २ नोव्हेंबरची रात्र. महिलांच्या वर्ल्ड कपची फायनल, नवी मुंबईत. पावसानं मॅच उशिरा सुरू झाली, संपता संपता मध्यरात्र झाली. आपल्या सांगलीची स्मृती मानधना खेळतेय म्हणून आमची अख्खी गल्ली जागी होती. फोटोत मी, मुलगा, भाची आणि शेजारच्या आजी, सगळे ओरडताना तोंडं उघडी. "वाईट गेलं" म्हणणाऱ्या वर्षातला हा फोटो आहे.

खतावणी: माणसांची पानं वेगळी करा

कीर्द झाली की नोंदी खात्यांवर न्यायच्या. तब्येत, पैसा, नोकरी, घर अशी खाती कुणालाही सुचतात आणि ती लवकर उरकतात, त्यावर फार बोलत नाही. खरं काम माणसांच्या खात्यांत आहे. ज्यांच्यावरून वर्षभरात तुमच्या मनात काही साठलंय, चांगलं किंवा वाईट, अशा तीन-चार माणसांची स्वतंत्र पानं करा. मधोमध उभी रेघ मारा. एका बाजूला त्यांच्याकडून आलेलं, दुसऱ्या बाजूला आपल्याकडून गेलेलं. तारखेसह आणि पावतीसह. "ती नेहमीच असं करते" याला पावती नसते, म्हणून ते लिहायचं नाही.

मी अक्काचं पान काढलं. अक्का माझी थोरली बहीण, माढा तालुक्यात सीना नदीच्या काठाला दिली आहे. आई पडली तेव्हा फोनवर ती म्हणाली, "मला आत्ता यायला जमणार नाही गं." पुढे काय म्हणाली ते मी ऐकलंच नाही. ते एक वाक्य मी सहा महिने उराशी धरून होते. पान करायला घेतलं तेव्हा तिच्या बाजूला मी आधीच मनात शून्य लिहून ठेवलं होतं.

मग फोनपेचा हिशेब खालून वर वाचत गेले. १६ जून, २,००० रुपये, खाली लिहिलेलं "आई". ५ जुलै, २,०००, "आई". ४ ऑगस्ट, २,०००. ३ सप्टेंबर, २,०००, "आई औषध". पैसे आले तेव्हा मी "मिळाले" एवढं लिहून पाठवलं होतं आणि औषधवाल्याला तिथल्या तिथे देऊन टाकले होते. नोंद झाली ती औषधाच्या खर्चाची. कुणाकडून आले ते खात्यावर चढलंच नाही.

त्यानंतर ८ ऑक्टोबर, पुन्हा २,०००. ही तारीख बघून मी व्हॉट्सॲप उघडलं. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात सीनेला पूर आला होता. माढा, मोहोळ, करमाळा, सगळीकडे शेतं पाण्याखाली गेली होती, हे बातम्यांत मीही बघत होते. २४ सप्टेंबरला अक्कानं तिच्या शेताचे तीन फोटो पाठवले होते. ऊस आडवा, सोयाबीन दिसतच नव्हतं, बांधावरच्या बाभळीच्या निम्म्यापर्यंत पाणी. खाली लिहिलं होतं, "आईला दाखवू नको." मी उत्तरादाखल हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं होतं. पुढचे पाच दिवस मी फोन केलेला नाही. नवरात्र चालू होतं, आईची ड्रेसिंगं होती, ही कारणं खरी आहेत, पण पानावर तारखा आहेत आणि फोन नाही. आणि त्या पुरानंतर पंधरा दिवसांनी तिनं दोन हजार पाठवले.

मी पेन खाली ठेवलं आणि तिला फोन लावला. पहिल्यांदा काय बोलावं ते सुचेना, मग सरळ विचारलं, "अक्का, शेताचं काय झालं?" ती म्हणाली, "अगं, आता विचारतेस होय? गाळ काढला, हरभरा पेरलाय." रागानं नाही म्हणाली. मग आम्ही अर्धा तास हरभऱ्याबद्दल बोललो.

तेरीज जुळत नसेल तर

हाताचा हिशेब करणाऱ्यांना दोन युक्त्या माहीत असतात. फरकाला नऊनं पूर्ण भाग गेला तर बहुधा आकड्यांची अदलाबदल झालेली असते, ५४ च्या जागी ४५, किंवा एखादं शून्य जास्त पडलेलं असतं. माझी १७ फेब्रुवारीची तूट ४,५०० ची होती. नऊनं भाग गेला तेव्हाच समजले, ५०० चा भरणा ५,००० म्हणून टाकला गेलाय. तिसऱ्या पावतीतच सापडला. दुसरी युक्ती अशी की फरक निम्मा करायचा आणि तेवढ्या रकमेची नोंद शोधायची. ती जमेला जायच्या ऐवजी नावे पडलेली असते, म्हणून फरक दुप्पट दिसतो.

घरच्या तेरजेला आकडे नसतात, पण चुकांच्या जाती याच दोन. एक म्हणजे शून्य जास्त पडणं: छोट्या गोष्टीला मनात दहापट रक्कम लागलेली असते. कुणी लग्नात नीट बोललं नाही, त्याचं आपण वर्ष केलं. अशी नोंद दिसली की विचारायचं, ही किती दिवसांची होती? उत्तर एक दिवस आलं तर एकच दिवस लिहायचा. दुसरी चूक चुकीच्या बाजूला पडलेल्या नोंदीची, आणि तिचा परिणाम दुप्पट होतो. अक्काचं जे जमेला हवं होतं ते मी तिच्या नावे टाकलं होतं. म्हणून एखाद्याचं पान अगदीच एकतर्फी दिसत असेल, सगळं आपलं आणि त्याचं काहीच नाही, तर पुढे जाऊ नका. पावत्या पुन्हा चाळा. शोधूनही ते पान एकतर्फीच राहिलं तर ते तसंच आहे असं समजायचं आणि तसंच लिहायचं. सगळीच माणसं शेवटी चांगली निघतात असं माझं म्हणणं नाही.

तशी एक नोंद माझ्याकडेही होती. २०२२ मध्ये नात्यातल्या एकाला १२,००० रुपये उसने दिले होते. चौदा वेळा मागितले, परत आले नाहीत. यंदा मी ते बुडीत खात्यात टाकले. याबद्दल लोकांचा गैरसमज असतो. संस्था एखादं कर्ज निर्लेखित करते म्हणजे ते माफ करते असं नाही. वसुलीचा हक्क राहतो, फक्त ताळेबंदात ते येणं म्हणून दाखवायचं बंद होतं, म्हणजे आपल्याजवळ नसलेला पैसा आपण आपला म्हणून मोजत नाही. माझंही तेवढंच. त्यांनी दिले तर मी घेईन. पण दर दिवाळीला ते येतील म्हणून मनात जो हिशेब चालायचा, तो थांबवला.

आणि ज्या गोष्टी कुठल्याच खात्यात बसत नाहीत, त्या अनामत खात्यात. माझ्याबरोबर वीस वर्षं काम केलेली एक मैत्रीण मेपासून बोलत नाही. का, ते मला कळलेलं नाही. विचारलं, तर "काही नाही" म्हणाली. मी ते अनामतला ठेवलंय. ऑडिटर अनामत खात्यात जुनी रक्कम दिसली की शेरा मारतात, त्यामुळे आम्ही मार्चच्या आत ती निकाली काढतो. घरी असा शेरा मारणारं कुणी नाही. कळेपर्यंत ते तिथं राहू दे. कुणाच्या जाण्याचं दुःख असेल तर तेही तिथंच ठेवा आणि पुढच्या वर्षात ओढून न्या, त्याला मुदत लावू नका.

संकल्पाची पिग्मी

आता पुढचं वर्ष. आधी सरत्या वर्षाचे संकल्प काढून त्यांच्यासमोर पावत्या ठेवा. माझे सात होते. रोज ४५ मिनिटं चालणं १९ दिवस टिकलं. साखर संक्रांतीला परत आली. इंग्रजीचं पुस्तक आणलं, ते आठव्या पानावर आहे. गच्चीवर भाजी लावायची राहिली. वाचनालयाची वर्गणी भरली, पुस्तकं चार आणली. मुलावर ओरडायचं नाही, याला पावती नाही, त्यामुळे मला काही सांगता येत नाही. सातातला एकच पूर्ण झाला: महिना ३,००० ची आवर्त ठेव. ती का टिकली? पगारातून ५ तारखेला आपोआप कापली जाते म्हणून. तिच्यात माझ्या मनाच्या बळाचा काहीही वाटा नव्हता.

इथून पुढे मी संकल्पाला पिग्मीसारखं बघते. आमच्या भागात पिग्मी म्हणजे काय ते कुणाला सांगावं लागत नाही. एजंट रोज दुकानात येतो, वीस, पन्नास, शंभर, जे ठरलंय ते बचतीला घेतो आणि पावती देतो. ही पद्धत सिंडिकेट बँकेच्या संस्थापकांनी १९२८ मध्ये कर्नाटकाच्या किनारपट्टीवर सुरू केली, रोज दोन आण्यांपासून. ती जवळजवळ शंभर वर्षं का टिकली याची तीन कारणं मी काउंटरच्या आतून रोज बघते. रक्कम इतकी लहान असते की वाईट दिवशीही देता येते. वेळ आणि जागा ठरलेली असते, दुकानदाराला आठवण ठेवावी लागत नाही, एजंट दारात येतो. आणि लगेच पावती मिळते.

तर संकल्पही असाच लिहा. "रोज चालणार" असं लिहू नका. मी यंदा असं लिहिलंय: "सकाळी डेअरीवरून दूध घेतलं की सरळ घरी यायचं नाही, मैदानाला एक फेरी मारून यायचं." दूध आणायला मी जातेच, पायात चपला असतातच. फेरीला नऊ मिनिटं लागतात. दुधाचा आकडा कॅलेंडरात लिहिते त्याच्याच खाली एक टिंब, ही पावती. दुसरा संकल्प: "बुधवारी रात्री भांडी आवरली की ओट्यापाशी उभं राहूनच अक्काला फोन." बसायला गेले की टीव्ही लागतो, म्हणून उभं राहून. बस्स, दोनच. तिसरा सुचला तर तो जुलैसाठी राखून ठेवा.

सवय लागायला २१ दिवस लागतात असं सगळीकडे सांगतात, त्यावर विसंबू नका. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांनी ९६ जणांवर अभ्यास केला, तो २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. एखादी कृती विचार न करता आपसूक व्हायला सरासरी ६६ दिवस लागले. माणसामाणसांत फरक केवढा, तर कुणाला १८ दिवस, कुणाला २५४ दिवस लागतील असा त्यांचा हिशेब. आणि एखादा दिवस चुकला म्हणून फारसं बिघडत नव्हतं. हे आधी माहीत असतं तर २० जानेवारीला पाहुणे आले म्हणून चुकलेली फेरी मी २१ ला पुन्हा सुरू केली असती. मी मात्र आता मोडलंच म्हणून सोडून दिलं होतं.

आपल्याकडे याची एक चांगली सोय आहे. आपलं वर्ष एकाच दिवशी सुरू होत नाही. १ जानेवारीला घेतलेला संकल्प गुढीपाडव्याला तपासता येतो. २०२६ मध्ये पाडवा १९ मार्चला आहे, म्हणजे वर्षाचा ७८ वा दिवस, ते ६६ दिवस उलटून गेलेले असतील. टिंबं मोजायची. निम्म्याहून जास्त असतील तर चालू ठेवायचं, कमी असतील तर संकल्प आणखी लहान करायचा, नऊ मिनिटांची तीन मिनिटं. दुसरी तपासणी बलिप्रतिपदेला, व्यापारी लोक वहीपूजन करतात तेव्हा. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ महिना येतोय, त्यामुळे दिवाळी नोव्हेंबरात जाईल. दोन तपासण्यांमधलं अंतर मोठं आहे, ते लक्षात ठेवा.

कॅलेंडर उतरवताना

नवं कॅलेंडर लावताना जुनं रद्दीत टाकू नका आणि फडताळातल्या फळ्यांवर घालायला कापूही नका. गुंडाळी करून वर रबर लावा, बाहेरून वर्ष लिहा. कीर्दीची बारा पानं त्याच्या आतच सारून ठेवा. माझ्याकडे २०१२ पासूनच्या चौदा गुंडाळ्या कपाटाच्या वरच्या खणात आहेत. २०१९ च्या महापुराच्या वर्षाची गुंडाळी मी अजून उघडलेली नाही, पण आहे.

एक काम राहिलं. सरत्या वर्षाची अखेरची शिल्लक हीच नव्या वर्षाची आरंभीची शिल्लक असते, कीर्दीचं पहिलं पान तिनंच सुरू होतं. ती नव्या कॅलेंडरात १ जानेवारीच्या चौकोनात लिहायची. संकल्प त्याच्या खाली. जागा कमी असते, त्यामुळे नेमकंच लिहावं लागतं. मी पेन्सिलनं लिहिलंय:

आई काठीवर चालते. आ. ठेव ३६,०००. १२,००० बुडीत. अक्का १०,००० जमा.